निजवलेली आग

२५ एप्रिल
वारा नैर्ऋत्येचा, बोचरा. पहाटे दोन अंश. अ‍ॅन्झॅक डे.

युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा दिवस, म्हणून अंधारातच त्यांच्या स्मारकापाशी गेलो. नावं वाचून झाली, बिगूल वाजला, आणि दोन मिनिटांच्या शांततेत ग्लेनिसला नेमका खोकला आला. तिने तोंडावर हातमोजा दाबून धरला तरी थांबेना. पुढच्या रांगेतले दोघं वळून बघत होते. मला ओशाळल्यासारखं झालं. घरी येताना म्हटलं, "मफलर घेत जा म्हणून किती वेळा सांगायचं?" ती म्हणाली, "मफलर आहे, नेव्ह." होताच गळ्यात. यंदा तिचा खोकला जरा लवकरच सुरू झाला.

आल्या आल्या धुराड्याची शेगडी पेटवली. आमच्याकडे हिवाळा आता सुरू होतो; दरवर्षी याच दिवशी पेटवतो आणि ऑक्टोबरात लेबर डेची सुट्टी येईपर्यंत विझू देत नाही. या घरात चौतीस हिवाळे झाले. तेरा जुन्या बिडाच्या शेगडीचे, एकवीस हिचे. मध्ये एकदाही आग गेलेली नाही. गावात असं छातीवर हात ठेवून सांगणारा दुसरा कोणी नसेल. लोक झोपायला जाताना आग वाऱ्यावर सोडतात आणि सकाळी कागद आणि काड्या घेऊन फुंकत बसतात. मी सव्वानऊला एक जाडजूड, किंचित ओलसर मॅक्रोकार्पाच्या झाडाचा ओंडका तिच्या पोटात घालतो, हवेची झडप पार बंद करतो आणि आग निजवतो. निजवणं हा माझ्या आईचा शब्द. ती डोंगरातल्या मेंढवाड्यावर गड्यांचा स्वयंपाक करायची, तिथे दुसरं कोणी बोलायला नसायचं, म्हणून आगीशीच पोराशी बोलावं तसं बोलायची. सकाळी झडप उघडली की निखारे जागे होतात. ग्लेनिस उठते तेव्हा तिच्या पायाला गार फरशी लागत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिला तसा शब्द दिला होता. तो पाळतो आहे.

३ मे
कौन्सिलचं पत्र. आमच्या धुराबद्दल तक्रार आली आहे म्हणे. कोणाची, ते सांगत नाहीत. आमची गल्ली शुद्ध हवेच्या पट्ट्यात येते, आणि शेगडीचं वय झालं असल्यामुळे ती तशीही बदलावी लागणार आहे. पट्टा म्हणे! धुराला नकाशा वाचता येतो की काय?

बेचाळीस वर्षं सॉमिलमध्ये लाकूड कापलं मी. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून आवाजावरून ओल सांगतो. आणि हे मला लाकडाबद्दल कागद पाठवतात.

तक्रार कोणाची हे कळायला ज्योतिषी नको. शेजारचं घर फेब्रुवारीत आर्नेल बौतिस्ताने भाड्याने घेतलं. फिलिपिन्सचा आहे, दुधाच्या भुकटीच्या कारखान्यात कामाला. त्याची बायको कुंपणालगतच्या दोरीवर कपडे वाळत घालते. तो आला आणि तीन महिन्यांत पत्र आलं.

ग्लेनिसने पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"मग काय ठरवलंस?"

"ठरवायचं काय त्यात? फाडून टाकायचं."

"नवी घ्यावी लागेल, नेव्ह," ती म्हणाली. अगदी शांतपणे. तिचा स्वभावच तसा. कोणी पायावर पाय दिला तरी हीच त्याला 'लागलं का' म्हणून विचारेल.

९ मे
कौन्सिलचा माणूस येऊन गेला. लीथ नावाचा, टकलू, बोलायला गोड. दारात बूट काढून आला तेवढं बरं वाटलं. मी म्हटलं, तक्रार आहे तर वाचून दाखवा, माणसाला आपला गुन्हा तरी कळू दे. नाव सोडून त्याने वाचलं. ऐकल्याबरोबर इथे उतरवून ठेवतो आहे: 'रोज सव्वानऊच्या सुमारास ते आग निजवतात. त्यानंतर दोन-तीन तास धूर वर जात नाही, घराभोवतीच बसतो. दारं-खिडक्या लावल्या तरी आत येतो. मला श्वास घेता येत नाही.'

माझं डोकंच फिरलं. "सव्वानऊ! म्हणजे माझ्या झडपेवर घड्याळ लावून बसलाय हा माणूस! आणि 'निजवतात' म्हणे. कुंपणापलीकडून माझं बोलणंसुद्धा ऐकतो."

लीथने कागद घडी घालून ठेवला. ग्लेनिस मोरीपाशी कप विसळत होती. दोनच कप होते, पण नळ बराच वेळ चालू होता. लीथने तिला विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"सगळं त्या कागदात आलंय," ती म्हणाली.

जूनअखेरपर्यंत मुदत. चालतील अशा शेगड्यांची यादी ठेवून गेला. नावं अशी की शर्यतीचे घोडे वाटावेत.

१० मे
मोकळं आकाश, शून्याखाली एक. कुंपणापाशी आर्नेलला गाठलं.

"गुड मॉर्निंग, सर नेविल!" हा मला सर म्हणतो. राणीने पदवी दिल्यासारखं वाटतं.

"आमच्या धुराचा त्रास होतो का रे तुला?"

"नाही हो सर. आमच्या गावी आई लाकडावरच भात शिजवते. हा वास आला की मला घर आठवतं."

चेहरा हसरा ठेवून खोटं बोलतात ते असे. संध्याकाळी त्याची बायको तळलेल्या गुंडाळ्या घेऊन आली, आत डुकराचं मटण आणि कोबी. अपराधी मनाचं लक्षण. मी चार खाल्ल्या. चांगल्या होत्या, ते वेगळं.

ग्लेनिस एकाएकी म्हणाली, "त्या मुलाला एक शब्द बोलायचा नाही तू. त्याने काही केलेलं नाही."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

इतक्या जोरात ती कधी बोलत नाही. बोलून झाल्यावर खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, पायऱ्या चढून आल्यासारखी. माणसांवर पटकन विश्वास टाकते ती. मी विषय सोडून दिला.

१७ मे
ग्लेनिस डनीडिनला गेली, आमच्या लेकीकडे, पिपकडे. दोन आठवडे राहीन म्हणाली. गेल्या हिवाळ्यात पाच दिवस राहिली होती. माझ्यासाठी सहा डबे गोठवून, वर वारांची नावं लिहून ठेवलीत.

२३ मे
फोनवर पाऊण तास बोलली आणि एकदाही खोकली नाही. पिपच्या घरामागची टेकडी चढून आले म्हणाली. इथे टपालपेटीपर्यंत जाताना दोनदा थांबते. समुद्राची हवा मानवली असणार.

मग पिपने फोन घेतला. "बाबा, शेगडीचं काय केलंस?"

"बघतोय."

"बघत बसू नकोस, घेऊन टाक. आणि बाबा, तुला आईचा श्वास ऐकू येतो का रे?"

म्हटलं, "करवतींपाशी आयुष्य गेलं, मला तुझा फोनही धड ऐकू येत नाही."

पलीकडे ती गप्प झाली. बहुतेक लाइन खराब होती.

२४ मे
पाऊस, बारीक. शेगड्यांच्या दुकानात गेलो. दुकान नायरीचं. तिचा बाप माझ्याबरोबर मोठ्या करवतीवर होता. पोरीला बापाचं तोंड मिळालंय, समोरच्याची भीडभाड नाही.

पहिली दाखवली ती भुशाच्या गोळ्यांवर चालणारी. बटण दाबलं की पेटते. "वीज गेली की?" विचारलं. "की बंद." म्हटलं, बर्फ पडून तारा तुटल्या म्हणजेच तर शेगडी लागते. मग हिचा उपयोग काय, वर फुलदाणी ठेवायला?

दुसरी लहान, झाकपाक, शहरी लोकांची. ओंडका आडवासुद्धा मावेना.

तिसरीपाशी मात्र मी अर्धा तास उकिडवा बसलो. तिला दोन पोटं आहेत. लाकूड वरच्या पोटात जळतं, आणि शेगडी तापली की एक दांडी ओढायची. मग धूर वर जायचा तो खाली ओढला जातो आणि खालच्या पोटात परत जळतो. नायरीने पेटवून दाखवली. खाली ज्योत उलटी, जमिनीकडे तोंड करून जळत होती. बाहेर नेऊन धुराडं दाखवलं, वर नुसती हवा थरथरत होती.

"धूर म्हणजे न जळलेलं लाकूड, नेविल. तू इतकी वर्षं निम्मं सरपण आकाशात पाठवलंस."

सत्तरी उलटल्यावर माझ्याच धंद्यातली गोष्ट मला ती शिकवत होती. राग यायला हवा होता, पण आला नाही. इतकं नीट केलेलं काम बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग विचारलं, "झोपायच्या वेळी झडप कुठवर बंद होते?"

"होत नाही. ही बघ खिट्टी. झडपेची दांडी इथवर आली की अडते. कारखान्यातूनच तशी येते. हवा कोंडली की धूर झालाच, म्हणून कोंडताच येत नाही."

"मग आग निजवायची कशी?"

"काय करायची?"

"रात्रभर ठेवायची कशी?"

"नाही ठेवायची. जळते आणि विझते. सकाळी परत पेटवायची, बाकी जगासारखी."

मी टोपी घातली आणि घरी आलो.

३१ मे
ग्लेनिस परतली. गालांवर रंग आहे. शेगडीबद्दल ती एरवी आपणहून फारसं विचारत नाही, आज बॅग खाली ठेवायच्या आत विचारलं. मी तिन्हींचं वर्णन केलं. दोन पोटांची ऐकताना तिने चहा तसाच ठेवला.

"हीच घे, नेव्ह."

"पण ही निजवता येत नाही गं."

"म्हणूनच घे."

कौन्सिलला फार घाबरली आहे बिचारी. तिच्यासाठी म्हणून उद्या नायरीला होकार कळवतो.

१५ जून
कडाक्याची थंडी, नळ गोठला. नवी शेगडी बसली. बसवणारे दोघं जुनी उचलून नेत होते तेव्हा मी मागच्या अंगणात सरपण रचत बसलो. बघवलं नाही.

हिला उलटं पेटवावं लागतं. जाड लाकडं तळाला, काड्या वर, आणि शेंडीला काडी लावायची. मी दोनदा चुकलो. ग्लेनिस हसली. किती दिवसांनी हसली. तापल्यावर दांडी ओढली तसा एक खोल हुंकार आला आणि उलटी ज्योत लागली. ग्लेनिस कोट घालून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेलो तर रस्त्यापलीकडे उभी राहून धुराड्याकडे बघत होती.

"काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "नेव्ह, काहीच दिसत नाहीये." डोळे ओले होते. गार वाऱ्याने होतात तिचे.

१६ जून
उणे चार. सहाला उठलो, आग विझलेली. राखेत हात घातला, गार. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. घरात माझा श्वास मला दिसत होता.

ग्लेनिस साडेआठला उठली. एवढा वेळ ती कधी झोपत नाही. दोन दोन मोजे घालून आली. मी म्हटलं, माफ कर. ती म्हणाली, "कशाबद्दल? इतकी छान झोप लागली." माझं मन राखायला म्हणाली असेल. दिलेला शब्द मोडल्यासारखं दिवसभर वाटत राहिलं.

२० जून
सॉमिलमधला मर्व्ह भेटला. त्याच्याकडेही यादीतलीच शेगडी आहे. म्हणाला, "खिट्टी तशीच ठेवलीस? अरे वेड्या, कानस नाही का घरी? आमच्याकडे सगळ्यांनी घासल्यात. तपासायला कोण वाकून बघतो खाली?"

दुपारी ग्लेनिस वाचनालयात गेली तेव्हा घासली. दहा मिनिटांचं काम. आता झडप पूर्ण बंद होते. तिला सांगितलं नाही, उगाच कौन्सिलच्या भीतीने झोप उडायची. आजच्यासाठी मॅक्रोकार्पाचा चांगला बुंधा काढून ठेवला आहे.

२१ जून
सकाळी निखारे! झडप उघडली आणि टकामका बघायला लागले. फरशी कोमट. मी स्वयंपाकघरात शीळ घालत होतो.

ग्लेनिस आली, शेगडीच्या दाराला हात लावला. "गरम आहे."

"नव्या शेगड्या उष्णता धरून ठेवतात," मी ठोकून दिलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खोकली. "हो का," म्हणाली.

२४ जून
धुकं, वारा नाही. ग्लेनिस धुण्याच्या खोलीत आरामखुर्ची टाकून झोपायला लागली आहे. म्हणते पाठ धरते. तिथे आग पोचत नाही आणि खिडकीची फट बुजत नाही. मी म्हटलं, एवढं घर उबदार करून ठेवतो ते कोणासाठी? तिने पांघरूण उचललं आणि तिकडे गेली. माझं काहीतरी चुकलंय तिच्या मते, पण सांगेल तर ना.

२७ जून
सकाळी सात. ग्लेनिसचे ओठ निळे. बोलता येत नव्हतं. अँब्युलन्स आली. मी पायजम्यावरच गेलो.

२८ जून
तिमारूचं इस्पितळ. नाकातोंडावर मुखवटा आहे. मला ओळखते, हात दाबते. छातीला आवाज येतो, डब्यात वाटाणे हलवावे तसा. तो मलासुद्धा ऐकू येतो.

डॉक्टरीणबाईने व्हरांड्यात नेलं. फुप्फुसं निम्म्याहून कमी चालतात, आणि हे एका सर्दीचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं.

"घरात कोणी सिगारेट ओढतं?"

"आयुष्यात नाही. दोघंही."

"घर कशावर गरम करता?"

"लाकडावर. पण नवी शेगडी आहे, मंजूर यादीतली. याच महिन्यात बसवली."

"छान केलंत," ती म्हणाली आणि कागदावर लिहून घेतलं.

मी खिट्टीबद्दल बोललो नाही. भित्रा आहे मी. हे लिहायला आज लाज वाटत नाही, सांगायची मात्र वाटली.

२९ जून
आज फारच लिहावं लागणार.

बस नव्हती, म्हणून आर्नेलने गाडीतून इस्पितळात नेलं आणि परत आणलं. अर्ध्या वाटेत माझ्याने राहवलं नाही. इतका चांगुलपणा करायचा होता तर तक्रार कशाला केलीस, म्हटलं.

"कसली तक्रार, सर?"

"आग निजवतात म्हणून लिहिलंस ना कौन्सिलला?"

त्याने गाडीचा वेग कमी केला. खरोखर गोंधळला होता. "कोणाला निजवतात? तुमच्याकडे बाळ आहे, सर?"

मी समजावून सांगितलं. ओंडका, झडप, सव्वानऊ. तो म्हणाला, "मी पहिल्यांदाच ऐकतोय, सर. आमच्या घरात विजेचा हीटर आहे. शिवाय मी दुपारी तीनला कामावर जातो, मध्यरात्रीनंतर येतो. सव्वानऊला मी इथे कधी असतो?"

हा शब्द माझ्या आईचा. आई गेली. पिप डनीडिनला. या गावात हा शब्द माहीत असलेलं माझ्याखेरीज एकच माणूस आहे.

घरी आलो आणि माळ्यावरच्या जुन्या रोजवह्या काढल्या. सॉमिलच्या सवयीने वारा, तापमान, सरपण रोज लिहितो. त्यात ग्लेनिस शोधली. अकरा वर्षांपूर्वी, ६ मे: 'ग्लेनिसला खोकला. निजायच्या खोलीची खिडकी उघडी ठेवते म्हणून. रागावलो.' पुढच्या वर्षी, ४ मे: 'ग्लेनिसला खोकला. म्हणते आग कमी निजव. हसलो.' त्याच्या पुढच्या वर्षी, १ मे: 'खिडकीला खिळा मारला.' दरवर्षी असंच. अ‍ॅन्झॅक डेनंतर आठवड्याने सुरू, लेबर डेनंतर आठवड्याने बंद. शेवटची तीन वर्षं बंदच नाही. सगळं माझ्याच अक्षरात, तारीखवार. लाकडातली ओल मी कानाने ओळखतो, आणि हे अकरा वर्षं स्वतःच्या हाताने लिहून मला वाचता आलं नाही.

पक्कड घेऊन गेलो आणि खिळा उपटला. चौकटीवर रंगाचे इतके थर चढलेत की खिडकी तरीही उघडेना. मग बसून रडलो.

३० जून
सकाळी नायरीकडे. खिट्टी घासली म्हणून सांगितलं, नवी बसवून दे म्हटलं. ती वाटेल ते बोलेल अशी तयारी करून गेलो होतो. तिने फक्त विचारलं, "ग्लेनिसला माहीत आहे?" नाही म्हटल्यावर हत्यारांची पेटी घेऊन सोबत आली, खिट्टी बसवली आणि चहासुद्धा न घेता गेली.

दुपारी इस्पितळात. मुखवटा काढलाय, नळी आहे. मी खुर्ची ओढून घेतली.

"ग्लेन, मी खिट्टी घासली होती. वीस तारखेला."

"माहीत आहे."

"कसं?"

"धूर आला ना घरात, नेव्ह. अजून कसं कळायचं?"

"मग बोलली का नाहीस?"

ती खूप वेळ श्वास गोळा करत राहिली. "तू आपणहून सांगशील, म्हणून थांबले होते."

"आणि ती तक्रार. ती तरी आधी मला सांगायची."

"तुला सांगायचं ते सांगून झालं होतं. अकरा वर्षं. मग तुझ्याबद्दल सांगितलं." बोलताना रागावलीसुद्धा नव्हती. "फार वाईट वाटलं लिहिताना. शब्द बदलायला हवा होता तो, पण तुझ्या त्या करामतीला दुसरा शब्दच सुचेना."

म्हटलं, "तुझ्या पायाला गार फरशी लागू नये म्हणून करत होतो गं सगळं."

"तेही माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं गेली."

मग डॉक्टरीणबाईला बोलावून ग्लेनिससमोरच सगळं सांगितलं. तिने आधीचं खोडलं आणि नवं लिहिलं.

७ जुलै
पिपने ग्लेनिसला इस्पितळातून परस्पर डनीडिनला नेलं. पिप माझ्याशी कामापुरतं बोलली. 'आई हिवाळाभर माझ्याकडे.' त्यानंतर काय ते मी विचारलं नाही. ग्लेनिसने गाडीची काच खाली करून माझा हात धरला, आणि वारा लागेल म्हणून मीच काच वर करायला सांगितली.

१२ जुलै
शेगडी नीट चालते. धुराड्यावर काही दिसत नाही. आर्नेलला बोलावून आग उलटी कशी जळते ते दाखवलं. त्याने आईला पाठवायला फोटो काढला. त्याची माफी मागितली. "कशाबद्दल, सर?" म्हणाला. याला राग येतो की नाही कोण जाणे. घर उबदार असतं, आणि मी एकटा त्यात बसतो.

१९ जुलै
ग्लेनिसचा फोन. आवाज बारीक आहे, पण वाक्यं पुरी होतात. म्हणाली, रविवारच्या बसने ये.

"आणि नेव्ह, येण्याआधी कपडे धुवून ये. सगळे. कोटसुद्धा. पिप नाही म्हणत होती, मी तिच्याकडून हो म्हणवून घेतलंय. पण धुराचा वास असला तर मला जवळ बसता येणार नाही."

"माझ्या कपड्यांना वास येतो?"

"येतो रे."

"कधीपासून?"

ती हसली, आणि हसताना थोडी खोकली. "आपलं लग्न झालं तेव्हापासून."

कोट खुंटीवरून काढला आणि नाक लावून वास घेतला. लोकरीचा वाटला, बाकी काही नाही. गरम पाण्यात साबण घालून धुतला, बाहेर वाऱ्यावर टाकला. दुपारी परत वास घेतला. काहीच नाही.

२१ जुलै
कोट तीनदा धुतला. मला वास येतो की नाही यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून आर्नेलकडे घेऊन गेलो आणि त्याच्यापुढे धरला. म्हटलं, सर वगैरे बाजूला ठेव, खरं सांग.

त्याने बराच वेळ कोट नाकाशी धरला. "अजून आहे," म्हणाला.

परत भिजत घातला आहे. रविवारला तीन दिवस आहेत.